हेडफोन कुठल्या क्रमाने घ्यायचा आणि कुठे थांबायचं

"दादा, हेडफोन घेतला, पण बेसच नाही. आता अँप कुठला घेऊ?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. कधी इथल्याच, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून, कधी इचलकरंजीहून. विचारणाऱ्याने पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात, त्याला फक्त अँपच्या, म्हणजे हेडफोनला जास्त ताकद देणाऱ्या अँप्लिफायरच्या, मॉडेलचं नाव हवं असतं. मागच्या दिवाळीत असाच एक पोरगा घरी आला. २५० ओहमचा (म्हणजे चालवायला जास्त व्होल्टेज लागणारा) बंद पाठीचा हेडफोन फोनच्या डोंगलला, म्हणजे हेडफोनची पिन लावायच्या छोट्या जोडाला, लावलेला, आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवलेला. अँपसाठी १८ हजार जमवले होते. मी म्हटलं, आधी चष्मा काढ. त्याने काढला, दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "हे काय झालं?" चष्म्याच्या काड्या जाड होत्या. पॅडखाली फट पडत होती आणि बेस त्या फटीतून निघून चालला होता.

१८ हजारांच्या अँपने ती फट बुजली नसती. म्हणून हा क्रम लिहून काढतोय. टप्पे उलटसुलट केले की पैसे जातात आणि तक्रार जागच्या जागी राहते.

## १. आधी आठ दिवस वही

दुकान नाही, यूट्यूब नाही. आधी एक साधी वही. आठ दिवस रोज चार गोष्टी लिहायच्या: कुठे ऐकलं, किती वेळ, काय ऐकलं, आणि काय खटकलं.

पहिल्या तीन रकान्यांतूनच बरंच ठरतं. माझा एक मित्र घरी शांत बसून गाणं ऐकायला म्हणून हेडफोन शोधत होता. वहीत निघालं की त्याचं ऐकणं दिवसाला दीड तास, आणि त्यातला सव्वा तास कसबा बावड्याच्या केएमटी बसमध्ये. त्याला हवी असलेली वस्तू आणि त्याला लागणारी वस्तू या दोन वेगळ्या निघाल्या.

चौथा रकाना सगळ्यात अवघड. "मजा येत नाही" ही तक्रार धरायची नाही, तिच्यावर इलाज करता येत नाही. तपासता येईल असं लिहा: "तबल्याचा बायाँ ऐकू येत नाही." "स आणि श कानाला टोचतात." "अर्ध्या तासात कान घामेजतात." "गाणाऱ्याचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो." यातली प्रत्येक ओळ पुढच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर सुटते, आणि बऱ्याचशा पैसे न खर्चता सुटतात.

त्याच पानाच्या तळाशी एक आडवी रेघ मारा आणि तिच्याखाली दोन गोष्टी लिहा: सगळं मिळून जास्तीत जास्त किती रुपये, आणि कुठली तक्रार मिटली की विषय बंद. ही रेघ खरेदीआधीच मारायची. नंतर मारायला गेलं की ती सरकते. माझी चार वेळा सरकली आहे, चौथ्यांदा तर बायकोच्या देखत.

तपासा: आठ दिवसांनी वहीत एकही ठोस तक्रार नसेल, तर आहे तोच हेडफोन चालू ठेवा. हा लेख इथेच संपला तरी चालेल.

## २. प्रकार ठरवा

इथे फार डोकं लावायची गरज नाही, वही उत्तर देते.

उघड्या पाठीचा हेडफोन, म्हणजे ज्याच्या वाट्या बाहेरून जाळीदार असतात तो, मोकळा वाटतो, कान कमी तापतात. पण आवाज दोन्हीकडून गळतो. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात कुकरची शिट्टी थेट तुमच्या गाण्यात येणार, आणि तुमचं गाणं शेजारी अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या कानात जाणार. स्वतंत्र, शांत खोली असेल तरच हा घ्या. बंद पाठीचा घरातल्या वर्दळीत चालतो. प्रवासाला कानात बसणारा, ज्याला सगळे आयईएम म्हणतात तो, नीट बसला की बाहेरचा आवाज चांगलाच अडवतो.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल एक गैरसमज. ते एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर उत्तम चालतं, म्हणजे बसचं इंजिन, पंखा, रेल्वेचा डबा. माणसांच्या बोलण्यावर त्याचा जोर कमी पडतो. शेजारचा फोनवर ओरडून बोलणारा प्रवासी त्याने गायब होत नाही.

ब्लूटूथचं थोडक्यात: बस आणि फिरणं यासाठी खुशाल घ्या, पण त्यात मोठी रक्कम अडकवू नका. एवढ्याशा बॅटऱ्या चार्जिंगच्या चक्रांबरोबर दमत जातात आणि बहुतेक इअरबड्समध्ये त्या बदलता येत नाहीत. कीबोर्ड वाजवताना कानात ऐकायचं असेल तर मात्र वायरच हवी. ब्लूटूथमध्ये बोट पडल्यावर सूर मागून येतो आणि हात अडखळतो.

सावध: गाडी चालवताना कानात काहीच नको. ताराराणी चौकात हॉर्न ऐकू यायलाच हवा.

## ३. बसतो का ते बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो, अंगठा दुखतो का ते बघतो. हेडफोन मात्र फोटो बघून मागवतो. हेडफोनचा बेस हा त्याच्या पडद्याइतकाच तो कानाशी किती घट्ट मिटतो यावर अवलंबून असतो. बंद पाठीच्या हेडफोनला आणि आयईएमला फट अजिबात सोसत नाही. फट पडली की खालचा आवाज आधी जातो, वरचा तसाच राहतो, आणि ऐकणारा म्हणतो, "हा कर्कश आहे."

डोक्यावरच्या हेडफोनचं असं करा:

१) रोजचा चष्मा घालूनच ऐका. मग गाणं चालू ठेवून चष्मा काढा. बेस एकदम वाढला तर फट आहे. पातळ काड्यांचा चष्मा किंवा जाड, मऊ पॅड, दोन्हीपैकी एक करावं लागेल.

२) केस, टोपी, कानातली बाळी यांचंही तेच. रोज जसे असता तसेच बसा.

३) अर्धा तास डोक्यावर ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच आरामशीर वाटतात. जबड्याजवळ ठणका, टाळूवर एकाच जागी दाब किंवा कानाची पाळी आत घासणं, यातलं काही जाणवलं तर आवाज कितीही गोड असो, तो हेडफोन तुम्ही महिन्याभरात कपाटात टाकणार.

आयईएमचं वेगळं. डब्यात तीन मापांच्या रबरी टिप्स येतात. निम्म्याहून जास्त लोक मधल्या लावून मोकळे होतात. माझ्या उजव्या कानाला मधली लागते आणि डाव्याला मोठी, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी डावीकडचा आवाज कमी येतो म्हणून दोन आयईएम विकले. दोन्हीत काही दोष नव्हता.

लावताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आयईएम किंचित फिरवत आत सरकवा, मग कान सोडा. नुसता बोटाने दाबायचा नाही.

तपासा: गाणं बंद करून, दोन्ही लावलेले असताना तोंड मिटून "म्म्म" करा. दोन्हीकडे आपला आवाज सारखाच डोक्यात घुमला पाहिजे. एका बाजूला कमी घुमला तर त्या बाजूची टीप बदला. फोम टिप्सही एकदा लावून बघा, काही कानांना रबर कधीच धरत नाही.

तपासा: डावीकडून आवाज कमी वाटतोय? हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानाला. कमीपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा किंवा जाळीत साचलेल्या मळाचा. डावीकडेच राहिला तर आधी टीप बघा, मग कानाच्या डॉक्टरांकडे जा. कानात मळ असतो, बहुतेक वेळा तेवढंच निघतं.

कोल्हापुरात मोबाईलच्या दुकानांत रोजची मॉडेलं कानाला लावून बघता येतात. थोडं वेगळं मॉडेल हवं असेल तर मित्राकडून दोन दिवस मागून आणा, किंवा पुण्या-मुंबईला काम निघेल तेव्हा ऐका. रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन उतरल्यावर थेट दुकानात मात्र जाऊ नका, जागरणाचे कान काहीही सांगतात. ऑनलाइन घेणार असाल तर आधी विचारा: खोका उघडल्यावर परत घेता का? उत्तर लेखी घ्या. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी, या दोन्हींशिवाय नावाजलेलं मॉडेल "अर्ध्या किमतीत" मिळत असेल तर ते नकली असण्याचीच शक्यता जास्त. माझ्या हातात आलेल्या एका नकली हेडफोनचा खोका असलपेक्षा चकचकीत होता.

सावध: गणपती मिरवणुकीत डॉल्बीपुढे नाचून आल्यावर पुढचे एक-दोन दिवस कुठलाही हेडफोन पारखू नका. मोठ्या आवाजाने कान तात्पुरते बधिर होतात आणि सगळंच मंद वाटतं. सर्दीतही तेच.

## ४. पारखायला पाच तुकडे ठेवा

नवीन हेडफोनवर नवीन गाणं ऐकायचं नाही. अगदी पाठ असलेले पाच तुकडे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि दरवेळी तेच वापरा.

एक, तानपुऱ्यावर एकट्याचं गाणं. आवाज जवळ येतो का, आणि तानपुरा मागे सलग वाहतो का, की नुसती झिणझिण राहते. दोन, तबला. बायाँ घुमतो तो सुरात घुमतो का? "घे" घासून वर जातो तेव्हा तो प्रवास ऐकू आला पाहिजे, नुसता धब्ब नको. तीन, ढोलकी आणि हलगीची लावणी. कर्कशपणा इथे लगेच पकडला जातो, हलगीच्या थापेवर डोळे मिटले गेले तर वरचा भाग जास्त आहे. चार, मोठ्या वाद्यवृंदाचं चित्रपटगीत, सगळे एकदम वाजतात तेव्हा गर्दी होते का ते बघायला. पाच, नुसतं बोलणं. बातम्या वाचणारा किंवा कथाकथन. माणसाचा आवाज आपल्याला जन्मापासून पाठ असतो, म्हणून तो नळीतून आल्यासारखा वाटला तर ते लगेच कळतं.

आपल्याकडे जुनं ऐकणारे पुष्कळ आहेत. जयपूर घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब राहिले त्या कोल्हापुरात या घराण्याची जुनी ध्वनिमुद्रणं घरोघरी निघतात. ती जरूर ऐका, पण त्यावर हेडफोन पारखू नका. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि अगदी खालचा-वरचा आवाज त्यात मुळातच उतरलेला नाही. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

## ५. पैसे कुठे टाकायचे

क्रम असा: हेडफोन, मग टिप्स किंवा पॅड, मग इक्यू, म्हणजे खालचा-वरचा आवाज कमी-जास्त करायची सोय (फुकट), मग गरज पडली तर डोंगल, आणि सगळ्यात शेवटी, लागलाच तर, मोठा अँप. वायर बदलून आवाज सुधारण्यासाठी शून्य रुपये. वायर तुटली, कडक झाली किंवा आखूड पडली तरच बदला.

कारण साधं आहे. दोन हेडफोनच्या सुरावटीत, म्हणजे खालचा, मधला, वरचा आवाज किती येतो त्यात, काही ठिकाणी पाच-दहा डेसिबलचा फरक असतो, तो तुमच्या आजीलाही कळेल. नीट बनवलेल्या दोन डॅकमधला (डिजिटल फाईलचा आवाज करणाऱ्या यंत्रांमधला) फरक मोजायला यंत्र लागतं.

"यंदाचं मॉडेल आलंय" याचं फार दडपण घेऊ नका. कॉस पोर्टा प्रो १९८४चा, सोनी एमडीआर-७५०६ १९९१चा, सेनहायझर एचडी ६०० १९९७चा. तिन्ही अजूनही लोक घेतात, वापरतात. फोन दरवर्षी जुना होतो, चांगला हेडफोन होत नाही. माझं मत विचाराल तर बसला दोन हजारांच्या आतला वायरचा आयईएम आणि घरी पाच ते पंधरा हजारांतला एक हेडफोन, यापुढे ज्याचं पोट ऐकण्यावर चालत नाही त्याला जायचं कारण क्वचितच असतं.

सावध: घेतल्यावर पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका. पॅड डोक्याला बसतात आणि कान नव्या आवाजाला सरावतात. त्या आधीची तक्रार आणि त्या आधीचं कौतुक, दोन्ही कच्चं.

## ६. अँप लागतो का? हिशेब करून बघा

खोक्यावरचे दोन आकडे घ्या: किती ओहम, आणि संवेदनशीलता (ठरावीक ताकदीवर किती मोठा वाजतो ते) किती डेसिबल. दुसऱ्या आकड्यापुढे काय लिहिलंय ते डोळे फाडून बघा. काही कंपन्या एका मिलिवॉटला किती डेसिबल ते देतात, काही एका व्होल्टला किती ते. दोन्हींची थेट तुलना ही या विषयातली सगळ्यात पसरलेली चूक. मिलिवॉटचा आकडा व्होल्टच्या आकड्यात आणायला १६ ओहमला १८ मिळवा, ३२ ओहमला १५, २५० ला ६, ३०० ला ५.

त्या दिवाळीतल्या पोराचा हिशेब सांगतो. हेडफोन २५० ओहम, मिलिवॉटला ९६ डेसिबल. म्हणजे एका व्होल्टला १०२. त्याचं डोंगल अर्धा व्होल्टच देत होतं. व्होल्टेज निम्मं झालं की ६ डेसिबल कमी, म्हणजे जास्तीत जास्त ९६. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण तो गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणाचा आकडा आहे. शास्त्रीय गाण्याची सरासरी त्याच्या खाली वीसेक डेसिबल असते, संथ आलापीची आणखी खाली. त्यामुळे फिल्मी गाणं पुरायचं आणि विलंबित ख्याल पुरायचा नाही. दोन व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर तोच आकडा १०८ होतो. अडीच हजारांच्या आसपासचं डोंगल आलं, आवाज अर्ध्यावर ठेवून ऐकतो. १८ हजारांतले साडेपंधरा वाचले.

आता उलटी बाजू. संवेदनशील आयईएमला ताकदवान अँप लावला की शांत जागी सूं ऐकू येतं. आणि अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (अँपच्या बाजूचे ओहम) हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा: १६ ओहमच्या आयईएमला दोन ओहमच्या आत. जुन्या मिक्सरच्या किंवा जुन्या कॉम्प्युटरच्या जॅकवर हा आकडा पुष्कळदा जास्त असतो आणि मग काही आयईएमची सुरावटच बदलते.

तपासा: आवाज तीन-चतुर्थांशावर असताना तुमच्या सगळ्यात हळू गाण्याला पुरेसा मोठा होतो का? होत असेल तर अँपचा विषय संपला. अँपने आवाज "उघडतो" असं कुणी म्हणालं तर त्याला आठव्या टप्प्यावर पाठवा.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नाही, हे कानांसाठीही लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते.

## ७. नवीन घेण्याआधी इक्यू

"इक्यू म्हणजे भेसळ" असं मानणारा वर्ग आहे. मी त्यात पाच वर्षं होतो, आणि त्या पाच वर्षांत जे फुकट सुटलं असतं त्यावर किती पैसे घातले ते इथे लिहीत नाही.

अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप आहे. त्यात हजारो मॉडेलांच्या मोजमापांवरून तयार केलेल्या दुरुस्त्या मिळतात, आपलं मॉडेल शोधून लावायची. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि त्याच्या जोडीला पीस (Peace) हा प्रोग्रॅम. आयफोनवर सगळ्या अ‍ॅपना एकच इक्यू लावायची मोकळीक तेवढी नाही, तिथे गाण्याच्या अ‍ॅपमधला वापरा.

हाताने करायचं असेल तर:

१) वहीतली एकच तक्रार घ्या. बेस कमी असेल तर साधारण १०० हर्ट्झच्या खाली, "स" टोचत असेल तर ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, गाणारा मागे गेला असेल तर १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये.

२) शक्यतो कमी करा, वाढवू नका. "स" टोचतोय ना, मग तोच ३ डेसिबल खाली घ्या. बाकी सगळं वर नेण्यात अर्थ नाही.

३) वाढवलंच तर जेवढं सर्वांत जास्त वाढवलं तेवढं प्रीअँप (इक्यूमधला एकूण आवाजाचा दांडा) खाली आणा. बेस ५ ने वाढवला, प्रीअँप उणे ५. हे विसरलं की मोठ्या जागी आवाज फाटतो आणि दोष हेडफोनला लागतो.

४) एक दिवस तसंच ऐका. मग दुसऱ्या तक्रारीला हात घाला.

सावध: सगळे दांडे हसऱ्या तोंडासारखे दोन्ही टोकांना वर करणं म्हणजे इक्यू नाही. दोन दिवस झणझणीत वाटतं, तिसऱ्या दिवशी कान थकतात. नुसत्या तर्रीवर जेवण होत नाही.

## ८. डोळे झाकून परीक्षा

हा टप्पा सगळे टाळतात, कारण याचा निकाल सहसा आवडत नाही.

मी एकदा २२ हजारांचा टेबलावरचा अँप घरी आणला होता, मित्राचा, घ्यायचा की नाही ते ठरवायला. माझ्या चार हजारांच्या डोंगलपुढे तो दरवेळी सरस वाटला. भरीव, मोकळा, खोल, सगळी विशेषणं वहीत लिहिली आहेत. मग आवाज मोजला. अँपवर तो दीडेक डेसिबल मोठा होता. एवढा फरक "मोठा" म्हणून कानाला कळत नाही, "चांगला" म्हणून कळतो. सगळा घोळ इथे आहे.

आवाज सारखा करायची रीत:

१) अल्टरनेटिंगचे (एसीचे) मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर मिळवा. पिवळे स्वस्त मीटर एसीला २०० व्होल्टपासून सुरू होतात, त्यांचा इथे उपयोग नाही. मला उद्यमनगरात वर्कशॉप असलेल्या मित्राकडे चांगला मिळाला. तुमच्याही ओळखीत तिथला कुणीतरी असेलच.

२) तुटक्या इअरफोनची पिन वायरसकट कापा, डाव्या चॅनेलची आणि ग्राउंडची तार सोलून वेगवेगळी बाहेर काढा. स्प्लिटरच्या एका तोंडात हेडफोन, दुसऱ्यात ही पिन. तारा एकमेकींना टेकू देऊ नका. हेडफोन या वेळी कानावर नको.

३) फोनवर ६० हर्ट्झचा सूर लावा. साधे मीटर याच भागात खरं बोलतात. दोन्ही यंत्रांवर व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आणा. एकावर ०.३०० आलं तर दुसऱ्यावर ०.२९७ ते ०.३०३.

४) गाण्याच्या अ‍ॅपमधली आवाज आपोआप सारखा करण्याची सोय आणि इक्यू, दोन्ही बंद.

परीक्षा दोघांत होते. बायको पाठीमागे बसली. प्रत्येक वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर अँप, काटा आला तर डोंगल. बदलायचं नसलं तरी पिन काढून परत लावायची, नाहीतर खटक्यावरूनच कळतं. तिने बोलायचं नाही. मी नुसतं "अ" किंवा "ब" म्हणायचं, तिने लिहायचं. दहा वेळा.

माझे सहा बरोबर आले. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी दहात सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास असते. दहात नऊ हवेत, ती नशिबाने साधण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. बायकोने कागद दाखवला आणि विचारलं, "मग पिठाची गिरणी घ्यायची ना?" अँप दुसऱ्या दिवशी परत गेला.

एमपीथ्री आणि लॉसलेसची (आवाजातलं काहीही न गाळलेल्या फाईलची) परीक्षा याहून सोपी. कॉम्प्युटरवर फूबार२००० मध्ये यासाठी एबीएक्स नावाची जोडणी मिळते, ती कुठली फाईल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावते. लॉसलेस फाईल घ्या, तिचीच ३२० केबीपीएसची एमपीथ्री प्रत बनवा आणि तपासा. दोन वेगळ्या अ‍ॅपवरची गाणी घेऊन तुलना करू नका, मूळ प्रतच वेगळी असू शकते.

दोन हेडफोनांची परीक्षा मात्र अशी होत नाही, वजन आणि पॅड कानाला लगेच ओळखू येतात. तिथे परतीची रीत वापरा: नवा दहा दिवस, मग जुन्यावर तीन दिवस परत. त्या तीन दिवसांत नेमकं काय चुकतंय ते वहीत लिहायचं. लिहायला ओळ सुचली नाही तर नवा परत करायचा.

सावध: फरक कळला नाही म्हणजे तुमचे कान वाईट आणि यंत्र भिकार, असं काही नाही. त्या फरकासाठी तुम्ही पैसे द्यायचे नाहीत, इतकंच.

## ९. रेघेपाशी आल्यावर

पहिल्या पानावरची रेघ आठवते ना? आता तिच्याजवळ आलात. पुढची खरेदी करायची असेल तर चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत: एकच तक्रार तीन वेगवेगळ्या दिवशी वहीत आली आहे, टीप, पॅड आणि इक्यूने ती सुटलेली नाही, नवीन वस्तू घरी आणून ऐकली आहे आणि आठव्या टप्प्यावर टिकली आहे, आणि पैसे रेघेच्या आत आहेत. तीन जुळल्या तर थांबा.

काही फसव्या वाटा सांगून ठेवतो. "तीन हजारांत एवढं मिळतं, तर तीस हजारांत किती मिळेल" हा हिशेब पुढे पुढे चालत नाही. दहापट पैशांत दहावा भागही सुधारणा मिळत नाही, पुष्कळदा नुसती वेगळी चव मिळते. "जुना विकून नवा घेतो, वरचे थोडेच घालावे लागतील" यात जुना नेहमी अपेक्षेपेक्षा कमी किमतीला जातो. आणि रात्री गाणं ऐकण्यापेक्षा रिव्ह्यू ऐकण्यात जास्त वेळ जात असेल तर त्या आठवड्यात काहीही मागवू नका. मी कार्टमध्ये टाकून महिनाभर ठेवतो. बहुतेक वस्तू तिथेच शिळ्या होतात.

गरज बदलणं ही वेगळी गोष्ट. नोकरी पुण्याला लागली आणि दर शनिवारी एसटी सुरू झाली, तर प्रवासाचा आयईएम घ्या. तो अपग्रेड नव्हे. त्यासाठी वहीचं नवीन पान, नवीन रेघ.

## १०. आहे तो टिकवा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते. वापर झाला की आयईएम पुसून डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. जाळी कोरड्या, मऊ ब्रशने साफ करा, जाळी खाली धरून, म्हणजे मळ आत पडत नाही. पिन काढताना वायर ओढायची नाही, पिन धरायची. कृत्रिम चामड्याचे पॅड घामाने आणि दमटपणाने सोलतात, ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं सामान समजा.

तो दिवाळीतला पोरगा परवा पुन्हा आला होता, वही घेऊन. सहा महिन्यांत एकच तक्रार, तीन वेळा: "बेस परत कमी वाटतो." हेडफोन हातात घेतला तर डाव्या पॅडची शिवण उसवलेली, त्यातून फोम डोकावत होता. परत फटच. पॅड मूळ कंपनीचेच मागवायला सांगितले, कारण जाडी किंवा कापड बदललं की आवाज बदलतो. जुने काढताना आतली फोमची चकती त्यांच्याबरोबर ओढून फेकू नकोस, हेही वहीत लिहून दिलं.